वाद्यांचं जहाज

कीर्तनाची गाडी अजून एन्नूरपाशीच अडकली आहे असं कनकानं फोन ठेवत नवऱ्याला सांगितलं, तेव्हा बालाजीरावांनी देवघरापुढे काढून ठेवलेली दर्भाची जुडी उचलली आणि पुन्हा कपाटावर ठेवून दिली.

"परवां काढावीच लागेल ना," कनका म्हणाली.

"लागेल तेव्हां काढूं. सुंदरी बघेल आतां."

"ती पाहिली आहे. पाहून गप बसली आहे."

बालाजीरावांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. सुंदरी खाली बसून शेवग्याचा पाला निवडत होती. कपाळावर नेहमीसारखं ठसठशीत कुंकू, गळ्यात सौभाग्याची ताली. धाकट्या भावाची ही बायको सणासुदीला मद्रासमधल्या नुंगंबाक्कमच्या या फ्लॅटमध्ये यायची, आल्या आल्या कामाला हात लावायची आणि संध्याकाळ व्हायच्या आत जॉर्ज टाउनला परतायची. तिथल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून इकडे राहायला ये, असं कनकानं कितीदा विनवलं असेल. सुंदरीचं उत्तर ठरलेलं होतं. "त्यांना तोच पत्ता ठाऊक आहे."

धाकटा भाऊ चंद्रमौळी समुद्रात गेला आणि परतला नाही, तेव्हा त्याची मुलगी कीर्तना सातवीत होती. आता तिच्या केसांत एखादी रुपेरी बट दिसू लागली होती. मधल्या काळात कोणी या विषयाला हात घातला की सुंदरी उठून जायची. पण यंदा मार्गळी महिन्यात बालाजीरावांच्या छातीची शस्त्रक्रिया झाली आणि दवाखान्याच्या खाटेवर त्यांनी मनाशी पक्कं केलं. सापडलाच नाही अशा माणसाचा दर्भाचा पुतळा करून दहन करतात, मग पुढचे दिवस करतात. आपले हातपाय चालताहेत तोवर धाकट्याला वाट मोकळी करून द्यायची. भटजींनी मासी महिन्याची अमावास्या काढून दिली होती. आणि नेमकी त्याच सुमारास कीर्तनाच्या पथकाला समुद्राच्या तळाशी ती हाडं सापडली.

पळवेर्काडच्या समुद्रातल्या त्या बुडालेल्या जहाजाला वर्तमानपत्रवाले हल्ली 'खजिन्याचं जहाज' म्हणत. बालाजीरावांच्या घरात त्याला वाद्यांचं जहाज म्हणत आले होते. तंजावरच्या राजाला इंग्रजी बँडची हौस होती. नवीन वाद्यं आणायला त्यानं आपल्या वाजंत्र्यांतला दत्ताजी नावाचा तरुण कलकत्त्याला धाडला. दत्ताजी वाद्यांच्या पेट्या घेऊन जहाजात बसला आणि नागपट्टणला कधी उतरलाच नाही. पेट्यांत सोनं होतं, दत्ताजी ते घेऊन पळाला, असं गाव म्हणायचं. दत्ताजीच्या वंशातली मुलं ही गोष्ट ऐकत मोठी झाली. बालाजीरावांनी ती ऐकली आणि विसरून बँकेत नोकरी केली. चंद्रमौळी मात्र विसरला नाही.

त्याला नोकरीही तशीच मिळाली. बंदराच्या सर्व्हे बोटीवर समुद्राची खोली मोजायची. एके दिवशी पळवेर्काडच्या बाजूला यंत्रावर तळाशी एक उंचवटा उमटला. वरिष्ठांनी खडक म्हणून सोडून दिला. चंद्रमौळी पाण्याखाली उतरायला शिकला, सिलिंडर पैदा केला आणि रविवारी रविवारी कोळ्याची होडी भाड्यानं घेऊन तिकडे जाऊ लागला. सोबत त्याचा मेहुणा, सुंदरीचा धाकटा भाऊ राममूर्ती. चंद्रमौळीच्या कमरेला बांधलेल्या दोरीचं टोक धरून तो होडीत बसायचा.

एका रविवारी राममूर्ती एकटाच परत आला.

आता बंदराच्या कुठल्याशा पाइपलाइनसाठी तळ तपासताना तोफा दिसल्या आणि सरकारी पथक आलं. त्या पथकात चंद्रमौळीची मुलगी होती. जहाजाच्या मागच्या भागाजवळ वाळूत माणसाची हाडं निघाली, तेव्हा तिनं स्वतःहून आपलं रक्त तपासणीला दिलं. आज निकाल हातात आला होता. फोनवर सांगणार नाही, येऊन सांगते, म्हणाली.

फोनवर सांगणार नाही याचा अर्थ एकच होतो, असं बालाजीरावांना वाटत होतं.

घंटी वाजली. कनकानं दार उघडलं आणि ती तशीच बाजूला झाली. दारात राममूर्ती उभा होता. टी. नगरच्या ज्या रेशमी साड्यांच्या दुकानात तो मॅनेजर होता तिथूनच सरळ आला असावा. खिशाला दुकानाचा बिल्ला तसाच. हातात केळीच्या पानात बांधलेली मल्लिगैची, मोगऱ्याची फुलं.

"आंत यावें कां नाहीं तें तुम्ही सांगा, अण्णा," तो म्हणाला. "नाहीं म्हटलांत तर मी खालीं थांबतों."

"तुज कोण बोलावला?"

"कीर्तना."

बालाजीरावांचा चेहरा दगडासारखा झाला. या माणसाला त्यांनी आपल्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. कोणाच्या लग्नात समोरासमोर आले तरी पानं वेगवेगळ्या पंक्तींत मांडली जायची.

स्वयंपाकघरातून सुंदरी पदराला हात पुसत आली. तिनं एकदा थोरल्या दिराकडे पाहिलं, एकदा भावाकडे.

"रामा, चप्पल काढ. आंत ये," ती म्हणाली. "अक्का, कॉफीला दूध आहे ना?"

कनकानं मान हलवली. दुसऱ्याच्या घरात सुंदरीनं असं परस्पर कोणाला आत घेतलेलं कनकानं आजवर पाहिलं नव्हतं.

*

राममूर्ती भिंतीकडेच्या खुर्चीत अगदी कडेला बसला. समोरच्या कॉफीवर साय धरत होती.

दर दिवाळीला तो दुकानातली एक साडी घेऊन जॉर्ज टाउनला जायचा. सुंदरी अक्का साडी घ्यायची, त्याला जेवायला वाढायची, मुलांची चौकशी करायची. त्या रविवारबद्दल तिनं कधीही विचारलं नाही. तिनं एकदा तरी विचारावं, ओरडावं, असं त्याला इतकं वाटायचं, की परतताना बसमध्ये तो मनातल्या मनात तिच्या प्रश्नांना उत्तरं देत राहायचा. दोरी मी सोडलों नाहीं, अक्का. दोरी हलकी लागली म्हणून ओढलों. टोक वर आलें, त्याला गांठ नव्हती. तुटलेली नव्हती, सोडलेली होती. ते आपल्या हातानें सोडले होते.

पोलिसांनी हे लिहून घेतलं होतं. बालाजीरावांनी ते मानलं नव्हतं. पाण्याखाली गेलेला माणूस आपला जीव बांधलेली दोरी आपल्या हातानं कशाला सोडेल? तुझ्या हातून सुटली असेल, तुला डुलकी लागली असेल, आणि मग भीतीनं तू ही गोष्ट रचलीस.  भावोजींनी दोरी का सोडली हे राममूर्तीलाच ठाऊक नव्हतं.

कीर्तना आली ती पाठीवर पिशवी, उन्हानं रापलेली, बाह्यांवर मिठाचे पांढरे डाग. तिनं आधी पाणी मागितलं, उभ्यानंच प्यायली.

"अम्मा, तू बस ना."

"उभी बरी आहें. तू सांग."

कीर्तनानं पेरियप्पांकडे, आपल्या थोरल्या काकांकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, मग आईचा हात धरला.

"ते अप्पा नाहीत."

 खालच्या रस्त्यावर एका रिक्षाचा हॉर्न अडकल्यासारखा वाजत राहिला.

"म्हणजे काय?" बालाजीरावांनी विचारलं.

"हाडं जुनी आहेत, पेरियप्पा. जहाज बुडालं तेव्हाची. लॅबनं पुन्हा तपासून बघितलं, मगच सांगितलं. जहाजावरचा कोणीतरी असणार."

"दत्ताजी?"

"ते नाही सांगता येत. इतक्या पिढ्या झाल्या. कोणीही असेल. पण अप्पा नाहीत, हे नक्की."

कनकानं दोन्ही हात जोडून डोळे मिटले. "पेरुमाळे! सुंदरी, तू म्हणत होतीस तेंच खरें झालें बघ. आम्हीच मेले उतावीळ."

सुंदरीनं हात सोडवून घेतला. "पाला गॅसवर आहे," असं काहीतरी पुटपुटत ती आत गेली.

*

गॅस बंदच होता. पाला ताटातच पडला होता.

सुंदरी ओट्याला धरून उभी राहिली. आपल्याला आता बरं वाटेल, याची ती वाट पाहत होती. हाडं सापडल्याचं कीर्तनानं सांगितलं त्या दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ देवापुढे एकच मागत होती: ते नसूं देत. देवानं ऐकलं होतं. मग छातीत हे एवढं काय कोसळलं?

हळूहळू तिच्या ध्यानात आलं. देवापुढे एक मागत असताना आत कुठेतरी ती दुसरंच धरून बसली होती. ती हाडं त्यांचीच आहेत असं धरून तिनं मनानं त्यांना गोळा केलं होतं. पेटीत ठेवून जॉर्ज टाउनला आणलं होतं. एक रात्र आपल्या खोलीत ठेवून घेतलं होतं, मग श्रीरंगमला कावेरीत सोडायला स्वतः गेली होती. पाण्याला हात लावून आली होती. हे सगळं तिनं पोळ्या लाटताना, बसमध्ये, देवळाच्या पायरीवर इतक्यांदा केलं होतं की ते घडूनच गेल्यासारखं झालं होतं. आता ते काहीच नव्हतं. पुन्हा सगळा समुद्र होता, कुठेही बोट ठेवून इथे म्हणता येणार नाही असा.

तिनं नळ सोडला आणि त्या आवाजाखाली रडली. ते गेले तेव्हा रडली नव्हती. रडलं तर ते गेले असं होईल, म्हणून रडली नव्हती.

बाहेर आवाज चढला होता.

"मग कुठें आहे तो?" बालाजीराव विचारत होते. "हाडें त्याचीं नाहींत, मग तो कुठें आहे? तू सांग, रामा. दोरी तुझ्या हातांत होती!"

"दोरी मी सोडलों नाहीं, अण्णा."

"तीच गोष्ट! माझी छाती फाडून शिवली, तरी तीच गोष्ट ऐकायची मी!"

"तेंच खरें आहे, तर दुसरें काय सांगूं? ते सोडले. कां सोडले, मज ठाऊक नाहीं."

"मला ठाऊक आहे," कीर्तना म्हणाली.

सुंदरीनं नळ बंद केला.

"त्याच्यासाठीच मामाला बोलावलं मी. लॅबचा निकाल आल्याशिवाय बोलणार नव्हते, उगाच ती हाडं अप्पांचीच असं अम्मा धरून बसली असती." कीर्तना टीपॉयशी खाली बसली होती. तिनं कॉफीचा एक डबरा, ती पसरट वाटी, आणि एक टंबलर उचलून एकमेकांपासून लांब ठेवले. "जहाज दोन तुकड्यांत आहे, पेरियप्पा. हा पुढचा भाग. अप्पांच्या यंत्रावर हाच दिसला होता, मामा नांगर टाकायचा तो इथेच. त्यात काही नाही, नुसती लाकडं आणि दगड. मागचा भाग हा इकडे, उताराच्या खाली. माल सगळा इथे. मामाच्या होडीतली कुठलीही दोरी इथवर पुरलीच नसती. इथे जायचं तर कमरेची दोरी सोडून जायला लागतं."

"आणि तो गेला, असें तुज कोण सांगितला?" बालाजीरावांचा आवाज खाली आला होता.

"मी बघितलं. गेल्या आठवड्यात. मागच्या भागात एक तोफ उलटी पडलीय. तिच्यावरची वाळू आम्ही काढली, तर खाली नायलॉनची दोरी बांधलेली. नारिंगी. पूर्वी बंदराच्या सर्व्हे बोटीवर असायची तसली, आमच्या घरी कपडे वाळत घालायला होती ना, तसली. खूण म्हणून बांधलीय, पुन्हा येऊन शोधायला सोपं जावं म्हणून. आणि गाठ..." ती थांबली. "अप्पा डावरे होते. त्यांची गाठ उलटी पडायची. मला बूट बांधायला त्यांनीच शिकवलं, म्हणून माझीही तशीच पडते. शाळेत सगळे हसायचे. ती गाठ मी पाण्याखाली बघितली. हात लावून बघितली."

 राममूर्ती खुर्चीतून उठायला गेला आणि उठण्याऐवजी खालीच बसला, भिंतीला पाठ लावून. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा साठीला टेकलेला माणूस, आणि त्याचे खांदे लहान मुलासारखे हलत होते.

बालाजीराव बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग उठले. शस्त्रक्रियेपासून त्यांना उठताना आधार लागायचा, पण कनका पुढे झाली तर त्यांनी तिला हातानं थांबवलं. गार झालेली कॉफी त्यांनी स्वतः आत नेली, गरम केली आणि डबऱ्यातून वरखाली ओतून फेस आणला. ती घेऊन ते राममूर्तीपाशी आले. त्यांना वाकता येत नव्हतं.

"घे रे," ते म्हणाले. "मज खालीं बसतां येत नाहीं. तूच हात वर कर."

राममूर्तीनं हात वर केला.

सुंदरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डोळे लाल, पण आवाज सरळ.

"म्हणजे ते पोंचले होते."

"पोचले होते, अम्मा."

"जहाज पाहिले."

"हात लावला. गाठ बांधली."

"मग परत कां आले नाहींत?"

कीर्तनानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. हवा संपली असेल, खालच्या प्रवाहानं बाहेर ओढलं असेल, ती हे सगळं सांगू शकली असती. पण आईनं ते विचारलं नव्हतं. 

"मज तिकडे ने," सुंदरी म्हणाली.

"परवां अमावास्या आहे," बालाजीराव हलकेच म्हणाले. "भटजी..."

"आधीं जाऊन येतें. मग काय तें सांगतें, अण्णा. तुम्हीही चला. रामा, तूही."

*

पथकाची प्रमुख श्रीरंजनी ही कीर्तनाहून थोडी मोठी, करड्या आवाजाची बाई. पाहुण्यांना बोटीवर घ्यायला तिचा विरोध असायचा. या वेळी तिनं फक्त लाइफ जॅकेटं मोजून घेतली आणि बालाजीरावांसाठी एक प्लास्टिकची खुर्ची चढवली.

मासीतला समुद्र तेलासारखा पडला होता. पळवेर्काडचा दीपस्तंभ मागे बारीक होत गेला. सुंदरी लग्न होऊन मद्रासला आली तेव्हापासून समुद्राच्या काठी राहत होती, पण समुद्रावर ती पहिल्यांदाच येत होती. चंद्रमौळी प्रत्येक रविवारी म्हणायचा, आज तरी चल. ती म्हणायची, मज उलटी होते, तुम्ही जा. आज तिला उलटी झाली नाही.

जागेची खूण म्हणून पाण्यावर सोडलेल्या पिवळ्या तरंड्यापाशी इंजिन बंद झालं. कीर्तनानं सिलिंडर चढवला. तिच्यासोबत आणखी एक पाणबुडा होता, दोघं बोटीच्या कडेवर पाठमोरी बसली आणि मागच्या मागे पाण्यात पडली. सुंदरीच्या तोंडून बारीक आवाज निघाला. राममूर्तीनं तिचं मनगट धरलं.

"बुडबुडे बघ, अक्का," तो म्हणाला. "बुडबुडे येताहेत तोंवर सगळें ठीक."

"त्या दिवशीं तू हेंच बघत होतास?"

इतक्या वर्षांनी तिनं विचारलं होतं. राममूर्तीला वाटलं होतं, आपल्याकडे भलंमोठं उत्तर आहे. पण ते फार छोटं निघालं.

"होय, अक्का. थांबले तरी बघत होतों. अंधार पडेपर्यंत."

तिनं त्याच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला.

हवेनं फुगलेली मोठी पिशवी पाण्यावर उसळली, तेव्हा बोटीवरची माणसं धावली. पिशवीखाली जाळी, जाळीत हिरवट काळी ढेकळं. ती मिठाच्या पाण्याच्या हौदात उतरवण्यात आली. कीर्तना वर आली, तोंडावरचा मुखवटा काढून तशीच ओलीगच्च हौदाशी गुडघ्यांवर बसली. श्रीरंजनीनं एका ढेकळावरचा गाळ बोटांनी हळूच बाजूला केला आणि आतून पितळेचा वाकडा नळा दिसला. नळ्याला वेटोळं होतं, टोकाला धोत्र्याच्या फुलासारखं रुंद तोंड.

"फ्रेंच हॉर्न," ती म्हणाली. "हे अख्खं आहे."

बालाजीराव खुर्चीतून उठून आले होते.  आजोबा सांगत होते, पणजोबा सांगत होते, गाव हसत होतं, आणि त्या पेट्यांत खरोखरच वाद्यं होती. दत्ताजी चोर नव्हता. ते दोन्ही हात जोडून उभे राहिले. नंतर त्यांनी चष्मा काढला, आणि पुसायला काही सापडेना म्हणून तसाच हातात धरला.

सुंदरी वाकून हौदात पाहत होती.

"हेंच?" ती म्हणाली. "एवढ्यासाठीं?"

तिचा आवाज चढला नव्हता, तरी बोटीवरची सगळी माणसं थांबली. श्रीरंजनीनंही हात पाण्यातून बाहेर घेतला.

"हो अम्मा," कीर्तना म्हणाली. "एवढ्यासाठीच."

सुंदरी तिथून उठून बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन बसली. पाणी इथे गडद निळं होतं, आत काही दिसत नव्हतं. काही वेळानं कीर्तना टॉवेल घेऊन तिच्याजवळ आली आणि पायाशी बसली. तिचे दात हलकेच वाजत होते.

"खालीं कसें आहे?" सुंदरीनं विचारलं.

"वरून दिसतं तसं नाही. आधी हिरवं असतं, मग राखाडी. ऊन खालपर्यंत येतं, पण थकून येतं. तोफांवर मासे राहतात, पट्ट्यापट्ट्यांचे, घाबरत नाहीत. जवळ येऊन बघतात."

"आवाज?"

"आपल्याच श्वासाचा."

"थंडी वाजते?"

"थोडी. खाली उतारावर जास्त."

"त्यांना थंडी सोसत नव्हती," सुंदरी म्हणाली. "मार्गळींत मफलर बांधून ऑफिसला जायचे. मद्रासच्या थंडीला मफलर! लोक हसायचे."

 लेकीच्या ओल्या डोक्याकडे पाहता पाहता तिच्या मनात एक प्रश्न आला आणि तो आजवर कधी कसा आला नाही, याचंच तिला नवल वाटलं. ही मुलगी इंजिनिअर होणार होती. कोइंबतूरला जागाही मिळाली होती. ती सोडून ही पाण्याखालचं काहीतरी शिकायला गोव्याला गेली. आपण तेव्हा चिडलो होतो, अबोला धरला होता.

"कीर्तना. तू खालीं जातेस तेव्हां त्यांना शोधतेस?"

कीर्तनानं वर पाहिलं नाही.

"रोज," ती म्हणाली. "काम सुरू करायच्या आधी. बाकीच्यांच्या आधी उतरते, एक फेरी मारून येते. प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूला. कोणाला सांगत नाही मी." थोड्या वेळानं ती पुढे म्हणाली, "लॅबचा निकाल आल्यावर पण गेले. काल, तुमच्याकडे यायच्या आधी."

सुंदरीनं टॉवेल घेतला आणि मुलीचं डोकं मांडीवर ओढून केस पुसायला लागली. केसांत वाळू होती. आपण दार उघडं ठेवून बसलो, असं तिला आजवर वाटत होतं. त्या दारातून ही मुलगी रोज बाहेर जात होती.

"अण्णा," तिनं हाक मारली.

बालाजीराव कठड्याला धरत धरत आले.

"भटजींना उद्यांचें सांगा. तयारी आहे ना?"

"आहे." त्यांनी हातातला चष्मा पुन्हा चढवला. "सुंदरी, तुझ्या मनांत नसेल तर नको. मी हट्ट करणार नाहीं. रामाला तेवढा मी आतां घरीं नेतों, बाकी कांहीं नको मज."

"तुम्ही करा. कीर्तनाही तुमच्याबरोबर बसेल, पाणी देईल. मुलगी चालत नाहीं म्हणाले तर दुसरे भटजी आणा."

"अम्मा," कीर्तना मांडीवरून उठायला लागली.

"गप पड. त्याच्यानंतर तू खालीं जाशील तें कामासाठीं. नुसतें कामासाठीं. ऐकलेंस?"

 मग तिची मान हलल्याचं सुंदरीला मांडीवर जाणवलं.

"आणि तू?" कीर्तनानं विचारलं. "जॉर्ज टाउन सोडून पेरियप्पांकडे राहायला येशील?"

इंजिन सुरू झालं. बोट हळूहळू किनाऱ्याकडे वळली. राममूर्ती हौदापाशी उभा राहून पाणी सांडू नये म्हणून झाकण दाबून धरत होता, आणि बालाजीरावांनी तोल जाऊ नये म्हणून त्याचा खांदा धरला होता.

"माझें मी बघतें," सुंदरी म्हणाली, आणि टॉवेलचा कोरडा कोपरा शोधून मुलीचे केस पुसत राहिली.